मण्यार चावलेल्या ताईंचे अकरा दिवस

भाताची लावणी सुरू झाली की आमच्याकडे सापाचे पेशंट येणार, हे ठरलेलंच. कोकणातलं जिल्ह्याचं ठिकाण, सरकारी रुग्णालय, आयसीयूत आठ बेड. नर्स म्हणून नोकरीत सहा वर्षं झाली होती, पण ती सगळी फिमेल वॉर्ड आणि लेबर रूममध्ये गेलेली. आयसीयूत बदली होऊन जेमतेम महिना झाला होता. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की छातीत धस्स व्हायचं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी उगाच सलाईनची गती मोजत उभी राहायचे.

जुलैतल्या एका सकाळी साडेआठला 108 ची गाडी लागली. स्ट्रेचरवर तीस-बत्तिशीच्या ताई होत्या. सोबत नवरा आणि सासूबाई. सासूबाई सांगत होत्या, "राती पोटात दुखतंय म्हनाली. दोनदा उलटी झाली. पित्त असंल म्हनून गोली दिली. पहाटे बघते तं डोलंच उघडनात." साप कुणी पाहिला नव्हता. अंगावर दाताची खूण नाही, सूज नाही, रक्त नाही. आमच्या डॉक्टर सरांनी एकच विचारलं, "झोपल्या कुठे होत्या?" जमिनीवर, घोंगडीवर. सर म्हणाले, "मण्यार."

मण्यारीचं हे असंच असतं. ती रात्री घरात शिरते, अंथरुणात ऊब शोधते, आणि चावली तरी कित्येकदा माणसाला जागही येत नाही. घोणस चावली की पाय सुजतो, रक्त गोठत नाही, सगळं डोळ्यांना दिसतं. मण्यारीत आधी पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास. पोटदुखीवर पित्ताची गोळी घेऊन पहाटेपर्यंत थांबलेली किती माणसं असतील, याचा विचार आला की अजून अस्वस्थ व्हायला होतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री अचानक पोटात कळ आली आणि पापण्या उतरायला लागल्या, तर ते पित्त नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी घरी सांगावं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सापावरच्या लसीच्या दहा व्हायल सुरू करूनच त्यांना पाठवलं होतं. पुढच्या दहा आम्ही तयार केल्या. पावडर विरघळवताना घाईघाईने हलवायची नाही, फेस होतो; दोन तळहातांत धरून हळूहळू फिरवायची. रिअ‍ॅक्शन आली तर हाताशी असावं म्हणून ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलं. स्नायूंना बळ यावं म्हणून निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिनचं इंजेक्शनही देऊन पाहिलं. नागाच्या विषात त्याचा पुष्कळदा चांगला उपयोग होतो. ताईंच्या पापण्या हलल्या नाहीत.

भूलतज्ज्ञ मॅडम आल्या त्या मॉनिटर न बघता थेट ताईंच्या कानाशी वाकल्या. "ताई, दीर्घ श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा. एक, दोन..." ताई अठरापर्यंत पोहोचल्या. आवाज नाकातून येत होता. पाऊण तासाने पुन्हा म्हणवले तर अकरा. नंतर सहा, आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळायला लागली. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, तेव्हाही 97 टक्के होतं. मी मनात म्हणत होते, 97 आहे, मग श्वासनलिकेत ट्यूब टाकायची एवढी घाई कशाला? मॅडमनी ट्यूब टाकायला घेतली आणि टाकता टाकता सांगितलं, "छातीचे स्नायू दमत आले की आकडे आधी कमी होतात, सॅच्युरेशन सगळ्यात शेवटी. ते पडेपर्यंत थांबलो, तर आपण ट्यूब धावपळीत टाकणार." त्या दिवसापासून अशा पेशंटच्या चार्टवर मी हे आकडेही तासातासाला लिहिते.

ट्यूब 7 नंबरची, ओठांपाशी 21 सेंटीमीटरला पट्टीने बांधली. तो आकडा मोठ्या अक्षरांत बेडशेजारी लिहिला. मग मॅडमनी टेप मागितला. मला वाटलं जखम मोजायची असेल, तर त्यांनी ताईंची उंची मोजली. 152 सेंटीमीटर. फुप्फुसांचा आकार उंचीवर ठरतो, माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. त्या उंचीला आदर्श वजन 45 किलो, किलोमागे साधारण 7 मिलिलिटर, म्हणजे एका श्वासाला तीनशेच्या आसपास हवा. ताईंचं खरं वजन साठीच्या घरात होतं, त्यावरून हिशोब केला असता तर शंभरेक मिलिलिटर जास्त गेली असती. फुप्फुसं सुजलेल्या पेशंटवर अमेरिकेत झालेला एक मोठा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात किलोमागे 12 मिलिलिटर हवा दिलेल्यांपैकी जवळपास 40 टक्के दगावले, 6 दिलेल्यांत 31 टक्के. हे मला मॅडमनीच सांगितलं. तोवर टेप ही आयसीयूत लागणारी वस्तू आहे, हे माझ्या गावीही नव्हतं.

आता जे झालं ते मला नीट सांगायचं आहे.

दुसऱ्या रात्री माझी नाइट होती. ताई पूर्ण लुळ्या पडल्या होत्या. हात उचलला की धपकन खाली. पापणी उचलून टॉर्च मारला तर बाहुल्या मोठ्या, उजेडाला अजिबात हलत नव्हत्या. चिमटा काढला तरी काही नाही. नवशिक्या डॉक्टरांनी चार्टवर तसं लिहिलं आणि बाहेर जाऊन नातेवाइकांना "काही सांगता येत नाही" म्हणून आले. पहाटे तीनच्या सुमाराला मी आणि दुसरी सिस्टर ताईंना कुशीवर वळवत होतो. एक जण खांदा धरते, दुसरी कंबर, आणि ट्यूबला हात लावून तिसऱ्या कुणीतरी उभं राहायचं असतं, पण तिसरं कुणी नव्हतं. त्या रात्री तीन व्हेंटिलेटर आणि आम्ही दोघी. वळवता वळवता मी ताईंच्या अंगावरून पलीकडच्या सिस्टरला म्हणाले, "हिचं काही खरं दिसत नाही गं. हिच्या पोरीचं कसं व्हायचं?"

सकाळी ड्युटी बदलताना, हँडओव्हरला, आमच्या इनचार्ज सिस्टर आल्या. त्यांची एक रीत आहे. हँडओव्हर कागदावर घेत नाहीत, पेशंटवर घेतात. नाव घेऊन हाक मारायची, "मी तुम्हाला तपासतेय" असं सांगायचं, आणि डोक्यापासून सुरुवात करायची. डोळे, तोंड, ट्यूबचा आकडा, छाती दोन्हीकडे सारखी उचलते का, सलाईनची जागा, पोट, लघवीची पिशवी, पाठ, टाचा. शेवटी दोन्ही पावलांचे अंगठे हातात धरायचे, गरम आहेत की गार ते बघायला. मी त्या रांगेकडे महिनाभर कंटाळून बघत आले होते.

त्यांनी ताईंचे अंगठे धरले आणि तशाच थांबल्या. मग वाकून मोठ्याने म्हणाल्या, "ताई, माझं ऐकू येत असेल तर डावा अंगठा हलवा."

अंगठा हलला. तांदळाच्या दाण्याएवढा, पण हलला.

"आता दोनदा हलवा." दोनदा हलला.

माझे पाय कापायला लागले. मण्यारीचं विष नसा आणि स्नायू जिथे भेटतात ती टोकं निकामी करतं. डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा त्यात सापडतात. मेंदूला काही झालेलं नसतं. माणूस आत पूर्ण जागा असतो, ऐकतो, त्याला स्पर्श कळतो, दुखतं, भीती वाटते. फक्त ते दाखवायला एकही स्नायू उरलेला नसतो. मॅडम राउंडला आल्यावर त्यांनी नवशिक्या डॉक्टरांना बाजूला घेतलं. मण्यारीच्या पेशंटमध्ये बाहुल्यांवरून मेंदूचा निकाल लावायचा नाही, हे त्यांनी शांतपणे पण अशा स्वरात सांगितलं की आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. लस रक्तात फिरणारं विष मारते, नसेच्या टोकाशी जाऊन बसलेलं विष तिला काढता येत नाही. ती टोकं शरीर आपली आपण पुन्हा तयार करतं, त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस त्या माणसाचा श्वास आपण चालवायचा आणि त्याला दुसरं काही होऊ द्यायचं नाही. यापलीकडे उपचार नाही.

ड्युटी संपली होती, पण मी घरी गेले नाही. ताईंच्या उशाशी गेले आणि म्हणाले, "ताई, रात्री मी जे बोलले ते चुकीचं बोलले. तुम्ही बऱ्या होणार आहात, मॅडमनी सांगितलंय. मला माफ करा." अंगठा हलला नाही. हलवा, असं मीही म्हटलं नाही.

"दुसरं काही होऊ द्यायचं नाही" या पाच शब्दांत आयसीयूतली किती कामं मावतात, ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. बेडचं डोकं तीस अंशांवर कायम वर, म्हणजे पोटातलं फुप्फुसात जाऊ नये. ट्यूबच्या फुग्याचा दाब 20 ते 30 सेंटीमीटर पाण्याएवढा. कमी असेल तर लाळ खाली झिरपते, जास्त असेल तर श्वासनलिकेला जखम होते. मी आधी फुगा बोटांनी दाबून "ठीक आहे" लिहायचे. मीटर लावला तेव्हा माझं ठीक 45 निघालं. नाकातल्या नळीतून फीड. दर दोन तासांनी कूस. पाय हलत नाहीत म्हणून रक्ताच्या गाठी होऊ नयेत यासाठीची काळजी. भिंतीवर मॅडमनी एक कागद चिकटवला आहे, बेल्जियमचे डॉक्टर जाँ-लुई व्हिन्सेंट यांनी 2005 साली सुचवलेला 'फास्ट हग'. म्हणजे रोज प्रत्येक पेशंटपाशी फीड, वेदना, झोपेचं औषध, रक्ताच्या गाठी, डोक्याकडची उंची, पोटातला अल्सर आणि साखर, या सात गोष्टी आठवायच्या. कागद उत्तम आहे, मी रोज वापरते. त्यात डोळे नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

ताईंच्या पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या. खाली रेघेएवढी फट राहायची, आणि त्या फटीतून बुबुळ वाळायचं. पापणी लवत नाही, डोळ्यांत वारं लागतं, दोन-चार दिवसांत बुबुळावर पांढुरका डाग पडू शकतो. माणूस सापातून वाचायचा आणि नजर गमावायचा. म्हणून ओल्या गॉजने कड आतून बाहेर पुसायची, प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा, थेंब टाकायचे, मलम लावायचं, आणि पापणी मिटवून मायक्रोपोरची पट्टी आडवी लावायची. पट्टी काढताना पापणीचे केस ओढले जाऊ नयेत म्हणून आधी ती भिजवायची. हे दर चार तासांनी. सांगून करायचं, "ताई, आता डोळ्यांत औषध टाकतेय, गार लागेल."

तिसऱ्या दिवशी दुपारी कुशीवर वळवलं आणि नाडी 92 वरून 128 ला गेली. ताप नाही, सॅच्युरेशन चांगलं. आधीची मी असते तर थोडा वेळ बघू म्हणाले असते. अंगठा धरला आणि विचारलं, "दुखतंय?" एकदा हलला, म्हणजे हो. "पोट?" दोनदा, म्हणजे नाही. "पाय?" नाही. "खांदा?" हो. खांद्याखाली हात घातला तर ईसीजीच्या वायरची क्लिप अडकलेली. कातडीवर रुपयाएवढा लाल वळ उठला होता. क्लिप काढली, वळावरून हात फिरवला, पाचेक मिनिटांत नाडी शंभराच्या खाली आली. पट्टीच्या कडेने पाणी ओघळलेलं होतं. ते थेंबांचं औषध होतं की ताईंचं पाणी, मला माहीत नाही.

चौथ्या रात्री व्हेंटिलेटर ओरडायला लागला. दाब वाढल्याचा अलार्म. सॅच्युरेशन 97, 93, 88. यंत्राची बटणं बघत बसायचं नाही, हे एव्हाना अंगात मुरलं होतं. ट्यूब यंत्रापासून सोडवली, ऑक्सिजन लावलेली अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, जोडली आणि दाबली. बॅग दगडासारखी कडक. म्हणजे बिघाड यंत्रात नाही, पेशंटकडे आहे. ट्यूबचा आकडा बघितला, 21 वरच. छाती दोन्हीकडे तपासली, हवा दोन्हीकडे जात होती पण तोकडी. म्हणजे ट्यूब तुंबलेली. "ताई, कफ अडकलाय, काढतेय, दहा मोजेपर्यंत घुसमटल्यासारखं होईल." सक्शनची नळी आत अडकत अडकत गेली आणि बाहेर येताना बोटभर घट्ट, पिवळट गाठ ओढून घेऊन आली. तोवर सॅच्युरेशन 82 झालं होतं. पुन्हा बॅग दाबली तर हाताला मऊ लागली. त्या मऊपणाने मला जो धीर आला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. 85, 91, 96.

सकाळी इनचार्ज सिस्टरनी चहा पाजला आणि कोपनहेगनची गोष्ट सांगितली. 1952 साली तिथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं एकामागून एक येत होती आणि यंत्रं मोजकी होती. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घालून घेतली आणि हाताने बॅग दाबून तिला जगवलं. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी महिनोन्‌महिने पाळ्या लावून मुलांच्या उशाशी बसले आणि नुसत्या हातांनी बॅगा दाबत राहिले. त्यातूनच पुढच्या वर्षी इब्सेन यांनी अशा पेशंटसाठी वेगळा विभाग सुरू केला. आपण सर्रास 'अँबू' म्हणतो ती बॅगही डेन्मार्कचीच, 1956 ची. सिस्टर म्हणाल्या, "ते विद्यार्थी आठ-आठ तास बसायचे. मुलांशी गप्पा मारायचे, गोष्टी वाचून दाखवायचे." एवढं सांगून त्या राउंडला गेल्या.

ताईंच्या नवऱ्याला रोज दहा मिनिटं आत सोडायचो. हात धुऊन, चप्पल बाहेर काढून तो यायचा आणि खांबासारखा उभा राहायचा. मी म्हटलं, "दादा, बोला की. त्यांना सगळं ऐकू येतं." "काय बोलू, सिस्टर?" "घरचं सांगा. लावणी झाली का?" तेव्हा तो बोलायला लागला. खालचं खाचर शेजाऱ्यांनी येऊन लावलं. वरचं राहिलंय. पोरगी मामाकडे आहे, शाळेत जाते. त्या दहा मिनिटांत ताईंचा अंगठा किती वेळा हलला ते मी मोजलं नाही.

सहाव्या दिवशी कपाळाला आठी पडली. सातव्या दिवशी मान उशीवरून उचलून पाच आकडे मोजेपर्यंत धरता आली, पापण्या अर्ध्या उघडल्या, बाहुल्या अजून मोठ्याच होत्या. यंत्राचा आधार कमी करत नेला. आठव्या दिवशी सकाळी, डॉक्टर आणि माणसं पुरेशी आहेत अशी वेळ धरून, मॅडमनी ट्यूब काढली. खोकला चांगला आला. आवाज घोगरा, बसलेला. मॅडम म्हणाल्या, "ताई, एका दमात आकडे." बारा आले. संध्याकाळी एकोणीस.

पाणी लगेच देता येत नव्हतं, गिळणं तपासल्याशिवाय नाहीच. पहिला दिवसभर ताई फक्त तहानेबद्दल बोलत होत्या. ते आठ दिवस त्यांना सगळ्यात जास्त त्रास तहानेचा झाला होता, सुयांचा नाही. आम्ही ओठ ओले करत होतो, पण जीभ कोरडीच राहत होती. आता तोंड पुसताना मी ओला गॉज जिभेवरही थोडा वेळ धरून ठेवते. दुसरा त्रास वेळेचा. दिवे चोवीस तास चालू, डोळ्यांवर पट्टी, दिवस की रात्र कळत नव्हतं. "तू यायचीस तेव्हा सांगायचीस, सकाळचे सात वाजलेत, बाहेर पाऊस आहे. ते बरं वाटायचं. बाकीच्या कुणी नाय सांगायच्या."

दहाव्या दिवशी त्यांचे केस विंचरत होते. आठवडाभर पाठीवर पडून मागे गुंता झाला होता, तेल लावून एकेक बट सोडवत होते. समोरासमोर नव्हतो, म्हणून मला विचारता आलं. "ताई, दुसऱ्या रात्री मी बोलले होते, ते तुम्ही ऐकलंत?"

"हो. ऐकलं."

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "पोरीचं नाव घेतलं असतंस तं बरं झालं असतं. नुसतं पोरगी म्हनालीस." मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं.

अकराव्या दिवशी त्यांना वॉर्डात हलवायचं होतं. वॉर्डबॉय मामांनी व्हीलचेअर आणली, मावशींनी पिशवी भरली. ताई अजून हळूहळू चालत होत्या, धरून बसवावं लागलं. खुर्ची दारापर्यंत गेली आणि त्यांनी हात वर केला. सहा नंबरच्या बेडवर आदल्या रात्री आलेले एक आजोबा होते, व्हेंटिलेटरवर, बेशुद्ध. कालपासून ताई समोरून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"सिस्टर, त्या आजोबांच्या डोल्यांना फट राहतेय. औषध घातलं का?"

मी जाऊन बघितलं. राहिलं होतं. आजोबांना नाव घेऊन हाक मारली आणि गॉज भिजवला.